नाव आईबापांना, पोरं बेवारस: डोंगरी ओढ्यांतल्या बेडकांना नावं देणाऱ्यांस खुले पत्र

उष्ण कटिबंधातल्या बेडकांच्या नव्या जाती शोधून त्यांना नावं देणारे वर्गीकरणतज्ज्ञ, आणि त्यांचे शोधनिबंध छापणारे संपादक यांस,

स. न. वि. वि.

नव्या जातीचं वर्णन लिहिताना तुम्ही बेडकाच्या नाकपुडीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजता. मांडी केवढी, पोटरी केवढी, कानाचा पडदा डोळ्याच्या निम्मा की पाऊण, बोटांच्या टोकांना चकत्या आहेत का, बोटांमधली कातडी कितव्या पेरापर्यंत येते, सगळं असतं. मग शेवटाकडे कुठेतरी दोन वाक्यं येतात. ‘रात्री ओढ्याकाठच्या खडकावर आढळला.’ ‘बेडूकमासा अज्ञात.’ हे पत्र त्या दोन वाक्यांबद्दल आहे.

मी वर्गीकरणतज्ज्ञ नाही. मी ओढ्यांची सर्वेक्षणं करते. कुठे बंधारा व्हायचा असतो, कुठे रस्ता, कुठे पाण्याची पाइपलाइन. त्याआधी ओढ्यात कोण राहतं याची यादी लागते आणि ती करायला आमच्यासारख्यांना पाठवतात. आता गंमत अशी, की परवानग्या आणि पैसे एकत्र येतात ते बहुतेक वेळा पावसाळा उलटल्यावर. तोवर नर ओरडून ओरडून गप्प झालेले असतात, माद्या पालापाचोळ्यात पांगलेल्या असतात. प्रौढ बेडूक शोधायला चार रात्री घालवल्या तर पाच-सहा दिसतात. पण पाण्यात हात घातला की बेडूकमासे असतातच. वाहत्या, थंड पाण्यातल्या पुष्कळ जातींची पिल्लं बेडूक व्हायला कित्येक महिने घेतात, त्यामुळे ओढ्यातला बेडूक म्हणजे आमच्या दृष्टीने मुख्यतः बेडूकमासा. पाठ्यपुस्तकात त्याला भैकेर म्हणतात. शब्द चांगला आहे, पण गुडघाभर पाण्यात उभं असताना तोंडात बेडूकमासाच येतो.

आणि तुमची ओळख-किल्ली, म्हणजे खुणा ताडून जात ओळखायचा तक्ता, सुरू होते ‘प्रौढ नर’ या शब्दांनी.

एकदा माझ्याबरोबर पाण्यात या. धबधब्याच्या खाली, जिथे पाणी फेसाळून खडकावरून घसरतं तिथे, खडकाच्या पाठीला अंगठ्याच्या नखाएवढे काळे ठिपके चिकटलेले दिसतात. बोट लावलं तर हलत नाहीत. नखाची कड हळूच खाली सरकवावी लागते, तेव्हा ‘चुप्’ असा बारीक आवाज येऊन एखादा सुटतो आणि लगेच तळहाताला चिकटतो. काचेच्या पट्टीवर ठेवून उलट बाजूने पाहिलं की कळतं: पुढे ओठांची रुंद चकती, आणि तिच्या मागे अख्ख्या पोटाची झालेली वाटी. कडा दाबून धरायची, मधला भाग वर उचलायचा, की झाली पकड. तोंड एकीकडे खडकावरचं शेवाळ खरवडत पुढे सरकतं आणि वाटी तोल धरते. डबक्यातल्या साध्या बेडूकमाशाच्या ओठांवर वर दोन आणि खाली तीन अशा दातांच्या रांगा असतात. बोर्निओतल्या मेरिस्टोजेनिस वंशाच्या पिल्लांत त्या याच्या दुपटीहूनही जास्त भरतात, आणि जबड्याची चोच अखंड नसते, फण्यासारखी चिरलेली असते. वंशाचं नावही त्या दुभंगलेल्या जबड्यावरूनच पडलंय.

बोर्निओच्या अशाच एखाद्या डोंगरी ओढ्यात शंभर पावलं चाललं तर पिल्लांचे चार वेगळे संसार दिसू शकतात. सर्वांत जोरदार धारेत मेरिस्टोजेनिसची पोटाला वाटी असलेली पिल्लं. त्यांच्याजवळच अँसोनिया या सडपातळ भेकांची, नुसत्या तोंडाने दगड धरणारी. कडेच्या संथ डोहात लांबनाक्या शिंगाळ्या बेडकाची, ज्यांचं तोंड वर वळून नरसाळ्यासारखं उघडतं आणि पाण्याच्या पृष्ठभागावरचे कण गोळा करतं. आणि तळच्या खडीच्या फटींत लेप्टोब्राकेला वंशाची, बाम माशासारखी लांबोडकी. आई-बाप चौघांचेही ‘ओढ्याकाठी आढळले’. तुमच्या निबंधात चौघांचा अधिवास एकच. प्रत्यक्षात एकाला धार लागते, एकाला दगड, एकाला डोह, एकाला खडीमधली फट. वरच्या अंगाला माती खणली आणि गाळ खाली आला, तर सर्वांत आधी कोणाचं घर बुजेल? तुमच्या दोन वाक्यांवरून मला हे सांगता येत नाही, आणि मला नेमकं हेच विचारलेलं असतं.

पिल्लाला नंतर पाहू म्हणण्याची किंमत काय असते, याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे नासिकाबट्राकस सह्याद्रेन्सिस. जांभळट, फुगीर, डुकरासारखं नाकाड असलेला पश्चिम घाटातला हा बेडूक २००३ मध्ये बिजू आणि बोसुइट या संशोधकांनी जगापुढे आणला. नुसती नवी जात निघाली नाही, नवं कुल मांडलं गेलं, आणि त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक थेट सेशेल्स बेटांवर निघाले. वर्तमानपत्रांनी ‘जिवंत जीवाश्म’ म्हणून डोक्यावर घेतला. पण त्याचं पिल्लू त्याच्या ८५ वर्षं आधी छापून आलं होतं. प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेल यांनी १९१८ मध्ये दक्षिण भारताच्या डोंगरांतल्या काही बेडूकमाशांची वर्णनं प्रसिद्ध केली, त्यात धारेतल्या खडकांना चिकटून राहणारा हाही होता. आई-बाप कोण, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. प्रौढ बेडूक वर्षातले मोजके दिवस सोडले तर जमिनीखाली असतो, पिल्लू मात्र कित्येक आठवडे उघड्या खडकावर. आणि ज्या डोंगरांत तो आहे तिथले काही आदिवासी लोक ही पिल्लं खातात. म्हणजे कुठल्या ओढ्यात, कुठल्या दिवसांत, कुठल्या खडकाला ती लागतात हे त्यांना पाठ होतं. आता हेच पिल्लं गोळा करणं या जातीपुढचा एक थेट धोका म्हणून नोंदवलं गेलंय. जातीच्या आयुष्यातला सर्वांत उघडा, सर्वांत सहज सापडणारा काळ हा बेडूकमाशाचा असतो. संशोधकाला तो सहज सापडतो, तसाच संकटालाही.

उलटं उदाहरणही त्याच पर्वतरांगेतलं. पाय उंचावून, बोटं फाकवून प्रतिस्पर्ध्याला इशारा करणारे मायक्रिक्सॅलस वंशाचे नाचरे बेडूक. वंश एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. २०१४ मध्ये त्यात एकदम १४ नव्या जातींची भर पडली, आणि ते काम मोठं आहे यात वाद नाही. पण पिल्लं कुठे होती? ती २०१६ मध्ये सापडली, ओढ्याच्या तळच्या वाळूत पुरलेली. बामसारखं अंग, डोळ्यांवर कातडीचं आवरण, बरगड्या (बेडूकमाशाला बरगड्या असणं हीच मोठी नवलाई), आणि आतड्यात वाळू. शंभराहून अधिक वर्षं लोक दगड उलटत होते, डोह गाळत होते, आणि पिल्लं पायाखाली होती. आता विचार करा, २०१६ आधी या बेडकांच्या रक्षणासाठी कोणी काय लिहिलं असतं? सावली राखा, दगड हलवू नका, पाणी वाहतं ठेवा. ओढ्यातल्या वाळूचं नाव कोणी काढलं नसतं. वाळू उपसणाऱ्याला आम्हीच बिनदिक्कत ना-हरकत दिली असती.

इथे तुमच्यापैकी एखादा म्हणेल, बाई, बेडूकमाशांवर भरवसा ठेवून आम्ही एकदा हात पोळून घेतलेत. मान्य. पोटाला वाटी असलेली पिल्लं पाहून आशियातल्या धारेतल्या कितीतरी जाती एकाच अमोलॉप्स वंशात कोंबल्या होत्या. १९९१ मध्ये त्यातून हुइया आणि मेरिस्टोजेनिस वेगळे काढले गेले. पुढे डीएनए पाहिल्यावर हुइया हा स्वतःच एका घरचा नाही असं निघालं. २०१८ मध्ये सुमात्रातल्या वाटीवाल्या पिल्लांचा सुमातेराना हा आणखी एक वंश मांडावा लागला. आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या अटेलोपस या रंगीत भेकांच्या पिल्लांनाही तशीच पोटाची वाटी आहे, ते तर भेकांच्या कुलातले. पाण्याची धार ज्याला त्याला घासून एकाच साच्यात आणते. वाटी दिसली म्हणजे भाऊबंद, हा हिशेब चुकीचा ठरला, आणि तो तुम्हीच दुरुस्त केलात.

पण यातून पिल्लू बाजूला ठेवा असा धडा निघत नाही. नातं ठरवायला एकटं पिल्लू पुरत नाही, एवढंच. जाती ओळखायला ते कधीकधी आई-बापांपेक्षा सरस ठरतं. मेरिस्टोजेनिसच्या प्रौढांत फरक शोधताना भल्याभल्यांची दमछाक झाली आणि शेवटी पिल्लांच्या दातांच्या रांगा, कातडीवरच्या ग्रंथी पाहून जाती सुटसुटीत झाल्या. प्रौढांचे मोठे प्रश्न वेगळे असतात, पिल्लांचे वेगळे. नराला मादी मिळवायची असते, पिल्लाला वाहून न जाता पोट भरायचं असतं. एकाच जातीची दोन आयुष्यं निसर्ग दोन वेगळ्या परीक्षांना बसवतो. तुम्ही एकाच परीक्षेची गुणपत्रिका छापता.

आता बेडकांना मारणाऱ्या बुरशीकडे येते, कारण तिच्याशिवाय डोंगरी ओढ्यातल्या बेडकांबद्दल बोलणं म्हणजे घर जळताना रंगाची चर्चा. बट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस हे नाव १९९९ मध्ये दिलं गेलं, तोवर तिने कित्येक ओढे रिकामे केले होते. तिला १७ ते २५ अंश सेल्सिअस हवा-पाणी मानवतं. उष्ण कटिबंधाच्या सखल भागातली उष्णता तिला जड जाते, पण वर डोंगरातला थंडगार ओढा म्हणजे तिचं माहेर. ही बुरशी केराटिनवर, म्हणजे आपल्या नखांत-केसांत असतं त्या चिवट प्रथिनावर, वाढते. आणि बेडूकमाशाच्या अंगावर केराटिन कुठे असतं? फक्त तोंडात, त्याच चोचीत आणि दातांच्या रांगांत, ज्यांचं वर्णन करायला तुम्हाला जागा पुरत नाही. संसर्ग झालेलं पिल्लू सहसा मरत नाही. दात झडतात, चोच फिकी पडते, खरवडणं मंदावतं, पण ते जगतं आणि महिनोन् महिने बुरशी पाण्यात सोडत राहतं. मग पाय फुटतात, अंगभर कातडी केराटिनची होते, आणि बुरशी अंगभर पसरते. ओढ्यात बेडूकमासे भरपूर आहेत, सगळं आलबेल, असं लिहून मी निघून यावं आणि पुढच्या वर्षी एकही बेडूक नसावा, हे घडू शकतं. निरोगी तोंड कसं दिसतं याचं चित्रच उपलब्ध नसेल तर आजारी तोंड ओळखायचं कशावरून? फिकी चोच ही त्या जातीची खूण की रोगाची, हे मी कुठे पडताळून पाहू?

पनामातल्या एल कोपे इथे २००४ मध्ये ही साथ आली तेव्हा संशोधक आधीपासून तिथे मोजणी करत होते, म्हणून काय गेलं हे कळलं तरी. साठवलेल्या नमुन्यांचा डीएनए नंतर तपासला तेव्हा गेलेल्यांत काही असे निघाले ज्यांना कधी नावच मिळालं नव्हतं. पनामाच्या त्या डोंगरांत बेडूकमासे नाहीसे झालेल्या ओढ्यांत दगडांवर शेवाळाचा आणि बारीक गाळाचा थर चढला. म्हणजे खडक घासूनपुसून ठेवणारी मंडळी हीच होती. पुढे २०२० मध्ये आलेल्या अभ्यासातून दिसलं की तिथल्या सापांची विविधताही घटली. बेडूकमासा हा तुमच्या निबंधात तळटीप असेल, पण ओढ्याच्या संसारात तो रोज भांडी घासणारा हात आहे.

तुमची अडचण मला दिसत नाही असं समजू नका. घाई आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात ८,०११ उभयचर जाती तपासल्या गेल्या आणि त्यांतल्या सुमारे ४१ टक्के धोक्यात निघाल्या. ऑस्ट्रेलियातल्या एउंगेला डोंगरांतला रिओबट्राकस व्हिटेलिनस जानेवारी १९८४ मध्ये सापडला आणि मार्च १९८५ नंतर रानात कोणाला दिसला नाही. बेडूकमासा मिळेपर्यंत थांबा म्हटलं असतं तर नावाआधी तेराव्याची वेळ आली असती. म्हणून नाव अडवून ठेवा असं मी म्हणत नाही. उलट त्याच वंशाची दुसरी गोष्ट पाहा. रिओबट्राकस सायलसला १९७३ मध्ये नाव मिळालं. त्या वर्णनात तो ओढ्यातला एक पाणबेडूक होता. पण कोणीतरी त्याला काचेच्या टाकीत ठेवून पाहत बसलं, आणि एक दिवस मादीच्या तोंडातून छोटे बेडूक बाहेर आले. १९७४ मध्ये जगाला कळलं की ही मादी अंडी गिळते, जठरातलं आम्ल थांबवते आणि पिल्लांना पोटातच वाढवते. हा बेडूक रानात शेवटचा दिसला १९८१ मध्ये. नावानंतर पाहत राहण्याइतका वेळ त्याने दिला, म्हणून ते कळलं. ज्यांनी तेवढा वेळ दिला नाही, त्यांच्या पोटात काय होतं?

आवाजाबाबतही हेच. धबधब्याचा आवाज जड, खालच्या पट्टीतला असतो, त्यावर मात करायला ओढ्यातले बेडूक एक तर बारीक उंच आवाज काढतात, नाहीतर पाय हलवतात. बोर्निओतल्या हुइया कॅव्हिटिम्पॅनम या बेडकाला १८९३ मध्ये नाव मिळालं, तेच मुळी त्याच्या खोल गेलेल्या कानाच्या पडद्यावरून. पडदा खोल का, हे कोणी विचारलं नाही. शंभराहून अधिक वर्षांनी कळलं की हा नर माणसाला ऐकूच येणार नाही अशा, २० किलोहर्ट्झच्या वरच्या पट्टीत, पार ३८ किलोहर्ट्झपर्यंत हाक घालू शकतो. उत्तर नावातच लिहिलेलं होतं. आजही निबंधात ‘ध्वनिमुद्रण करता आले नाही’ असं वाचलं की मला वाटतं, बेडूक गप्प होता की यंत्र बहिरं होतं?

आता जरा माझी तक्रार. तुम्ही एका जातीच्या पाच करता, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. डोंगराचा प्रत्येक कडा वेगळा, मधली खोरी गरम, ओढ्यातला बेडूक एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाणार कसा? लाखो वर्षांत ते वेगळे झाले असणारच. पण एकाच्या पाच झाल्या की आधी वर्णन केलेलं पिल्लू कोणाचं? साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी मेहनतीने काढलेलं तोंडाचं चित्र जुन्या नावाखाली छापलेलं असतं. नवं नाव देणारा निबंध प्रौढांची वाटणी व्यवस्थित करतो, कुठला नमुना कोणाकडे गेला याचा तक्ता देतो, आणि पिल्लाचा उल्लेखही करत नाही. जमिनीच्या वाटणीत म्हातारी जशी कोणाच्याच उताऱ्यावर येत नाही, तसं. मग आम्ही आपले सर्वेक्षणात लिहितो, ‘अमुक जातिसमूह’. हा शब्द अहवालात दिसला की समजा, तिथे कोणीतरी पाण्यात उभं राहून हताश झालंय.

आणि तक्रार करायची तर स्वतःचीही सांगायला हवी. एकदा आम्ही एका सुंदर धारेतून वाटीवाले बेडूकमासे घेतले. रात्र झाली होती, पाऊस सुरू झाला होता, हात गारठले होते. मी सगळे एका बाटलीत घालून वर फॉर्मॅलिन ओतलं, लेबल लावलं आणि झोपले. सकाळी सहकाऱ्याने विचारलं, शेपटीची टोकं घेतलीस ना? फॉर्मॅलिनमध्ये आकार उत्तम टिकतो आणि डीएनएचा चुराडा होतो. दोन मिनिटांचं काम होतं: शेपटीचा तांदळाएवढा तुकडा कापून वेगळ्या कुपीत अल्कोहोलमध्ये टाकायचा, दोन्हींवर एकच क्रमांक. ती बाटली अजून माझ्या कपाटात आहे. आत दातांच्या सगळ्या रांगा शाबूत असलेली पिल्लं आहेत आणि ती कोणाची हे आता शोधणं फार कठीण. पुढच्या फेरीला गेलो तेव्हा वरच्या अंगाला रस्त्याचं काम सुरू झालं होतं आणि धारेतल्या खडकांवर बोटभर गाळ होता. त्या खडकांवर वाटी चिकटायला जागाच उरली नव्हती.

म्हणून मागणी मोठी नाही. नामकरणाची संहिता प्रौढ नमुन्याचाच आग्रह धरत नाही, तशी ती पिल्लाचीही सक्ती करत नाही. सक्ती नकोच. पण ज्या ओढ्यातून नामधारी नमुना, म्हणजे ज्याच्यावरून जातीला नाव देता तो बेडूक, उचलला, त्याच ओढ्यात त्याच फेरीत अर्धा दिवस जाळी फिरवा. धारेत, डोहात, खडीत, वाळूत, ओल्या कातळावरच्या पाझरातही, कारण इंडिराना वंशाची पिल्लं पाण्याबाहेरच्या ओल्या खडकावर मोठी होतात. मिळालेल्या प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या पिल्लाचं शेपूटटोक घ्या. जात ताडायला तुम्ही प्रौढांचं १६एस जनुक तपासणारच असता, डीएनए तपासणीच्या त्याच प्लेटमध्ये चार खड्डे पिल्लांना द्या. जुळलं तर निबंधात एक पान आणि तोंडाचं एक स्वच्छ चित्र, गॉस्नरची अवस्था, म्हणजे पिल्लू किती वाढलंय याचा क्रमांक, नोंदवून. अवस्था २५ ते ४० मधलं असेल तर उत्तम, त्याआधी दात पुरते नसतात आणि त्यानंतर झडू लागतात, हे मी तुम्हाला काय सांगणार. नाही मिळालं तर ‘अज्ञात’ असा एक शब्द लिहून मोकळे होऊ नका. कुठे शोधलं, किती वेळ, कुठल्या महिन्यात, ते लिहा. ‘वाळू तपासली नाही’ हे वाक्य माझ्यासाठी सोन्यासारखं आहे, कारण मग मी वाळू तपासेन. आणि ‘ओढ्याकाठी’ऐवजी पाण्याचं तापमान, दगडांचा आकार, उतार, वर झाडांची सावली किती, एवढं तरी. तुमच्या खिशात उंची सांगणारं यंत्र असतं, तिथे थर्मामीटरलाही जागा होईल.

संपादकांना वेगळं सांगायचंय. बेडूकमाशाचं वर्णन असलेला भाग ‘मुख्य विषयाला धरून नाही’ म्हणून कापा, असा शेरा मी एका हस्तलिखितावर स्वतः वाचलाय. लेखकाने कापला. तो भाग नंतर कुठेही छापून आला नाही. नुसत्या पिल्लांच्या वर्णनाचा स्वतंत्र निबंध पाठवला तर ‘नवीन जात नाही, व्याप्ती मर्यादित’ असं उत्तर येतं. म्हणजे नव्या जातीबरोबर नको, आणि एकटंही नको. मग त्याने जायचं कुठे? पुरवणी म्हणून जोडा, छोटी टिपणं घ्या, चित्रांना पानांची मर्यादा लावू नका. छापील पानांचा खर्च आता पूर्वीसारखा राहिलेला नाही.

अटेलोपस झेटेकी, तो पनामाचा सोनेरी भेक, आज मुख्यतः माणसांनी सांभाळलेल्या टाक्यांत जिवंत आहे. टाकीत त्याची पिल्लं जगवायची तर ती काय खातात, कशाला चिकटतात, पाणी किती थंड आणि किती वाहतं लागतं, हे कोणाला तरी ठाऊक असावं लागतं. तुमच्या यादीतला पुढचा बेडूक टाकीत आणायची वेळ आली, तर ज्याने तो टाकीत आणायचा त्याच्या हातात तुमचाच निबंध असेल. मांडीची लांबी वाचून पिल्लाला भरवता येत नाही.

माझ्या कपाटात आता सत्तावीस कुप्या आहेत. प्रत्येकीत शेपटीची टोकं, शेजारी फॉर्मॅलिनमध्ये त्यांचे धनी, जागा आणि तारीख लिहिलेली, वाटीवाले, वाळूतले, नरसाळं-तोंडे, सगळे. नावाच्या रकान्यात पेन्सिलीने ‘अमुक जातिसमूह’. तुमच्यापैकी ज्यांनी त्या ओढ्यांतल्या प्रौढांना नावं दिली आहेत त्यांनी प्लेटमध्ये जागा असेल तेव्हा कळवावं, मी कुप्या पाठवते. ती जुनी बाटलीही पाठवते. तिच्यातून कोणाला काही काढता आलं तर बघा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
ओढ्यात उभं राहून मोजणारी एक